एक ताट परक्यासाठी



नाताळ आला की आमच्या कचेरीतील ख्रिस्ती सहकारी केक आणि करंज्यांचा डबा घेऊन येतात. आम्ही सारे मिळून तो आनंदाने खातो. पण हे झाले ओळखीच्या माणसांचे. ज्याचे नावगाव ठाऊक नाही, अशा परक्याचे काय? या बाबतीत पोलंड देशातील ख्रिस्ती कुटुंबांची एक रीत आम्हाला फार मोलाची वाटते.

२४ डिसेंबरच्या संध्याकाळी तेथे ‘विगिलिया’ नावाचे जेवण असते. आकाशात पहिली चांदणी दिसली की घरातील सर्वजण टेबलाभोवती जमतात. येशूला जन्मल्यावर गव्हाणीत निजवले होते, त्याची आठवण म्हणून टेबलावरच्या पांढऱ्या कापडाखाली थोडे सुके गवत पसरतात. मग पापडासारखी पातळ पोळी हाती घेऊन एकमेकांच्या पोळीचा तुकडा मोडून खायचा, शुभेच्छा द्यायच्या आणि वर्षभराचे रुसवेफुगवे मिटवायचे. बिटाचे सार, मासे, खसखशीचे गोडधोड असे बारा पदार्थ करण्याची चाल आहे. मांस मात्र वर्ज्य.

खरी गोष्ट पुढेच आहे. घरात माणसे पाच असतील तर ताटे सहा मांडतात! सहावे ताट अचानक दारी येणाऱ्या वाटसरूचे. बायबलच्या कथेत दिवस भरलेल्या मरियेला बेथलेहेमच्या धर्मशाळेत जागा मिळाली नाही. तसे आपल्या दारात होऊ नये, हा त्यामागचा भाव.

हेच पोलिश लोक एकदा आपल्या महाराष्ट्रात परके म्हणून आले होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४०-४१ साली, सोव्हिएत राजवटीने हजारो कुटुंबे घरातून उचलून सैबेरिया व कझाकस्तानात नेऊन टाकली. सुटका झाल्यावर त्यातील काही इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचली. १९४३ साली कोल्हापूरजवळ वळिवडे येथे त्यांची छावणी वसली. सुमारे पाच हजार माणसे, त्यात बहुतेक बायका व मुले. तेथे त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, चर्चही होते. ज्यांच्या घरी परक्याचे ताट मांडले जाई, तेच परके झाले, आणि पंचगंगेच्या खोऱ्यात त्यांना आसरा मिळाला.

मात्र ताट मांडणे सोपे, दार उघडणे कठीण. २०२१ साली इराक, सीरिया, अफगाणिस्तानातून आलेली माणसे बेलारूसच्या हद्दीवरून पोलंडमध्ये शिरू लागली, तेव्हा सरकारने त्यांना मागे ढकलले. जंगलात थंडीने माणसे मेली. त्याही वेळी सरहद्दीजवळच्या काही गावकऱ्यांनी खिडकीत हिरवा दिवा लावला. या घरी अन्न आणि ऊब मिळेल, अशी ती खूण होती. पुढच्याच वर्षी युक्रेनमधून लाखो निर्वासित आले, तेव्हा असंख्य पोलिश कुटुंबांनी त्यांना आपल्या घरात घेतले. एकाच देशात एका परक्याला दार उघडे, दुसऱ्याला बंद!

बंद दाराचे दुःख आपल्याला कोणी शिकवायला नको. १९१७ साली बडोद्यात पारशी धर्मशाळेतून बाहेर काढल्यावर बाबासाहेब दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्राने नोकर निघून जातील अशी सबब सांगितली. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येईल, तिला विचारून सांगतो. ते जोडपे मूळचे ब्राह्मण. धर्म बदलला, पण उंबरठ्यावरची जात गेली नव्हती. अमेरिकेत शिकून आलेल्या त्या माणसाने उरलेला वेळ बागेत बसून काढला.

आजही शहरात भाड्याची खोली पाहायला गेलेल्या आपल्या मुलाला आधी आडनाव विचारतात. आपल्याला राग येतो, आणि तो यायलाच हवा. पण आपण आपल्या दाराकडेही पाहू या. वस्तीत एखादे मातंग, भटके किंवा परप्रांतीय कुटुंब नव्याने राहायला आले, तर आपण आधी पाण्याचा तांब्या पुढे करतो, की आधी ‘तुम्ही कोण?’ म्हणून विचारतो?

भाकरी थापताना एक जास्तीची थापायला पीठ फारसे लागत नाही. ती कोणी खायची, हे मात्र आडनावावरून ठरवू नका, एवढीच आमची विनंती.