मुलाचें हायस्कूल सोडवावें काय?

दसऱ्याच्या सुमारास माधवनगर-तासगांव भागांत द्राक्षबागांची छाटणी सुरू होते. मजूर मिळेनासा झाला म्हणजे कित्येक घरीं एकच विचार निघतो : नववींतल्या मुलाचें नांव शाळेंतून काढावें. चौदा वर्षांपर्यंतचें शिक्षण २००९ च्या कायद्यानें सक्तीचें केलें आहे. त्यापुढील निर्णय घरावर राहतो.

"वसंतदादा कोठें हायस्कूल शिकले होते?" असा सवाल अशा वेळीं हटकून येतो. पद्माळ्याच्या दादांचें शालेय शिक्षण अल्प होतें, तरी त्यांनीं सांगलीचा साखर कारखाना उभारला, हें खरें. परंतु मुख्यमंत्री असतां १९८३ सालीं खासगी संस्थांस अभियांत्रिकी महाविद्यालयें काढण्याची वाट त्यांनींच मोकळी केली. शिक्षणावांचून भागतें असें त्यांस वाटतें, तर हा खटाटोप त्यांनीं कां करावा?

मजुरांची अडचण हंगामापुरती असते. दहावी नसल्याची अडचण जन्मभर पुरते. कृषि पदविकेस देखील दहावी लागते. सुटीच्या दिवशीं मुलानें बागेंत अवश्य राबावें, घरचा हिशेबहि लिहावा. नाइलाजानें शाळा सुटलीच, तर सतरा नंबरचा अर्ज भरून त्यास बाहेरून परीक्षेस बसवावें. एका छाटणीची मजुरी वांचविण्यासाठीं मुलाची दहावी घालविणें हा व्यवहार आमच्या मतें कोणत्याहि शेतकऱ्यास परवडणारा नाहीं.