बाटली फोडू नका, उघडायला शिका

आजचा विषय स्पार्कलिंग वाईन. आपण जिला सरसकट ‘शॅम्पेन’ म्हणून मोकळे होतो ना, ती. काही जणांना हा विषय आवडणार नाही, हे धरूनच लिहितोय. प्या असं मी कोणालाच सांगत नाहीये. पण लॉन, केटरिंग, इव्हेंट, पवनी किंवा नागझिऱ्याच्या बाजूला रिसॉर्ट, असं काही ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांच्यासमोर ही बाटली आज ना उद्या येणारच. नागपूरचं गिऱ्हाईक आलं की येतेच.

माझं मत सरळ आहे. बाटली विकणं हा तुमचा धंदा नाही. ती नीट थंड करणं, उघडणं आणि वाढणं, हे तुमचं काम आणि त्याचेच पैसे.

आधी नाव नीट घ्या. शॅम्पेन हा फ्रान्समधला एक प्रदेश आहे. तिथल्या द्राक्षांची, तिथल्या नियमाने केलेली असेल तरच ती शॅम्पेन. बघा, शांदों कंपनीची नाशिकच्या दिंडोरीत वायनरी आहे आणि तिच्या मालक समूहाकडे फ्रान्समधले मोठमोठे शॅम्पेन ब्रँड आहेत. तरी नाशिकच्या बाटलीवर ते शॅम्पेन लिहीत नाहीत! मग तुमच्या कोटेशनमध्ये ‘शॅम्पेन टोस्ट’ लिहून सुला किंवा शांदोंची बाटली आणली, तर जाणकार यजमान तिथेच तुमची किंमत करतो. ‘स्पार्कलिंग वाईन’ लिहा. यात कमीपणा काही नाही. नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडाजने १९८० च्या दशकातच फ्रेंच तंत्राने अशी वाईन करून परदेशात पाठवली होती.

लेबलवर ‘ब्रूट’ असेल तर ती कोरडी, म्हणजे गोड नसलेली. ‘एक्स्ट्रा ड्राय’ मात्र ब्रूटपेक्षा गोड असते. नाव उलटं वाटतं, पण आहे तसंच. म्हणून ब्रूट गुलाबजामसोबत देऊ नका, गोडावर ती आंबट लागते. तिला खारं आणि तळलेलं पाहिजे. सांबारवडी, भजी, आपल्या तलावातले झिंगे तळून. केटरिंगवाल्यांनो, स्टार्टरचा काउंटर इथेच लावा.

आता खरी गोष्ट. या बाटलीत ५-६ वातावरणांइतका दाब असतो, कारच्या टायरच्या दुप्पट-अडीचपट. मे महिन्यातलं आपलं ऊन, डिक्कीत तास-दोन तास तापलेली बाटली, वरून रस्त्यातले हादरे. आणि मग कोणीतरी हौसेने ती हलवून बूच उडवतो. बूच डोळ्याला लागलं तर डोळा जाऊ शकतो. उद्घाटनाच्या फोटोत फवारा छान दिसतो, मान्य. पण फवाऱ्यात अर्धी बाटली जमिनीवर जाते आणि ती यजमानाने पैसे देऊन आणलेली असते.

नीट पद्धत अशी. बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी, मूठभर मीठ. नुसत्या बर्फात बाटली लवकर गार होत नाही, कारण बर्फ चारच ठिकाणी टेकतो. पाणी चहूबाजूने लागतं. २०-२५ मिनिटांत ६ ते ८ अंशांच्या आसपास येते. फ्रीजरमध्ये ठेवून विसरलात तर फुटते. तारेची जाळी सैल केल्यापासून अंगठा बुचावरून हलवायचा नाही. बाटली तिरपी धरायची, तोंड माणसांकडे नाही, आणि बूच घट्ट धरून बाटली फिरवायची. बूच नाही, बाटली. ‘ठॉक’ नाही, हलका ‘फुस्स’ आला की तुमचा वाढपी तयार झाला समजा. ग्लासात आधी बोटभर ओता, फेस बसू द्या, मग पाऊण भरा. ग्लासला साबण राहिला असेल तर बुडबुडे टिकत नाहीत, तेव्हा भाड्याचे ग्लास आले की स्वतः साध्या पाण्याने धुऊन घ्या.

हिशेब सोपा आहे. ७५० मिलीच्या बाटलीत १२५ मिलीचे ६ ग्लास. १०० जणांना १७ बाटल्या. पण आपल्याकडे १०० पाहुण्यांत घेणारे किती, हे यजमानाला आधी विचारा. पत्रिकांच्या संख्येवर बाटल्या मागवणारे इव्हेंटवाले मी बघतो, दुसऱ्या दिवशी खोकी तशीच पडलेली असतात. तुमच्या बिलात बर्फ, ग्लासचं भाडं, फूटतूट आणि दोन शिकलेले वाढपी, प्रत्येकाची वेगळी ओळ असू द्या. ‘सर्व्हिस’ असं एकच लिहिलं की त्यावरच घासाघीस सुरू होते.

आणि परवाना. तो नसेल तर काम घेऊच नका, गिऱ्हाईक कितीही मोठं असो. कार्यक्रमासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा परवाना मिळतो. तो कोणाच्या नावाने, कोणत्या जागेसाठी, हे ॲडव्हान्स घेण्याआधी कागदावर पाहिजे. बाटल्या परवानाधारक दुकानातल्याच, बिलासकट. लाखांदूरकडच्या मित्रांनी तर जास्त जपावं. वडसा हाकेच्या अंतरावर आहे, पण तो गडचिरोली जिल्हा, आणि तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे. उरलेल्या दोन बाटल्या गाडीत राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी तिकडचं काम घेतलं, तर ‘विसरलो साहेब’ चालणार नाही. ही बंदी तिथल्या लोकांनी आणि बायांनी लढून मिळवली आहे. तिचा मान ठेवूनच धंदा करायचा.

एक गोष्ट मात्र मी शिकवताना सक्तीची ठेवतो. ज्याला नको त्याच्या हातातही तसाच उंच ग्लास गेला पाहिजे, तितकाच गार. संत्र्याचा रस आणि सोडा, किंवा आवळा सरबत आणि सोडा. काकू, मामा, गाडी चालवणारा भाऊ, कोणाला ‘मी घेत नाही’ असं चारचौघांत सांगावं लागू नये. याचा ट्रे वेगळ्या वाढप्याकडे द्या आणि तो आधी फिरवा. सराव याच आठवड्यात सोड्याच्या बाटल्यांवर करून घ्या. ओतायचा हात सोड्यावरही बसतो, आणि त्याला परवाना लागत नाही.