मैत्रीचे तास वेळापत्रकात हवेत

परभणीहून मनमाडकडे निघालं की पेडगाव हे पुढचंच रेल्वे स्टेशन. अशा गावांतून परभणीच्या महाविद्यालयांत रोज ये-जा करणाऱ्या मुलामुलींना ‘अप-डाऊनवाले’ म्हणतात. विद्यार्थ्यांच्या एकटेपणाची चर्चा निघाली की बोलणं वसतिगृह, समुपदेशक आणि मोबाइल यांच्याभोवती फिरतं. अप-डाऊन करणारा मुलगा रात्री आपल्या घरी, आपल्या माणसांत जेवतो, म्हणून त्याला एकटा कोणी समजत नाही. गावातली माणसं त्याच्याजवळ असतातच. महाविद्यालयातल्या माणसांसाठी मात्र त्याच्याकडे वेळ उरत नाही. तास संपला की त्याचं लक्ष घड्याळाकडे, कारण गाडी चुकली तर पुढचा सगळा दिवस कोलमडतो. मुलींना तर अंधाराच्या आत घरी पोहोचायचं असतं. या मुलांना ‘जरा मिसळत जा’ असा उपदेश करण्यापेक्षा मिसळायला वेळ काढून देणं हे महाविद्यालयाचं काम आहे.

वेळेवर एवढा भर देण्याला आधार आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी नव्या शहरात राहायला गेलेली माणसं आणि विद्यापीठात नुकतेच दाखल झालेले विद्यार्थी यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजानुसार नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला सुमारे ५० तास लागतात, खऱ्या मैत्रीला ९० आणि जिवलग म्हणावं अशा नात्याला २०० पेक्षा जास्त. आपल्याकडे हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण याच अभ्यासातली दुसरी गोष्ट इथेही पटावी : एकत्र काम करण्यात गेलेले तास मैत्रीच्या खाती फारसे जमा होत नाहीत, गप्पा, खाणं, खेळणं यांत गेलेले होतात. म्हणजे तीन वर्षं एकाच बाकावर बसूनही दोघं एकमेकांना परकीच राहू शकतात. अप-डाऊनवाल्याला बाकावरचे तास पूर्ण मिळतात, कट्ट्यावरचे मिळत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, या मुलांना गावातले सोबती आहेत, भावकी आहे. आणखी कशाला हवं? गावातल्या नात्यांचा आधार मोठा असतो, हे खरंच. पण ती नाती बहुधा जन्मानं, आळीनं आणि जातीनं ठरलेली असतात. स्वतः निवडलेलं, वेगळ्या घरातलं आणि वेगळ्या जातीतलं माणूस अनेकांना पहिल्यांदा महाविद्यालयातच भेटतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं, की नोकरीच्या बातम्या बऱ्याचदा जवळच्या माणसांपेक्षा दूरच्या ओळखीतून कळतात. जवळच्यांना आपल्याइतकंच ठाऊक असतं. जातीपलीकडची माणसं अशी जोडून देणं आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्याआधीच कृतीत आणलं होतं. साताऱ्यात १९२४ साली सुरू केलेल्या वसतिगृहात त्यांनी सर्व जातींची मुलं एकत्र राहायला आणि एका पंगतीत जेवायला लावली. सलोख्यावर व्याख्यानं देण्यापेक्षा त्यांनी रोजचा दिवसच तसा आखला. अप-डाऊनवाल्यांना वसतिगृह नाही. निदान पंगत तरी मिळावी.

त्यासाठी नवी योजना लागत नाही. आठवड्यातून दोन दिवस, भर दुपारी, गाडीच्या वेळेच्या बरेच आधी, एकेक तास मोकळा ठेवावा. शाखा आणि गावं मिसळून लहान गट करावेत, एकत्र डबा खावा, मग एखादा खेळ किंवा वादाचा विषय घ्यावा. १५ आठवड्यांचं सत्र धरलं तर वर्षाला ६० तास होतात. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर ९० तासांचा टप्पा येतो. राष्ट्रीय सेवा योजनेत तर वर्षाला १२० तास आधीच ठरलेले आहेत. त्यांतला काही वेळ खड्डे खणून झाल्यावर नुसतं बसण्यासाठी ठेवता येईल.

मैत्री सक्तीनं होते का, हा आक्षेप रास्त आहे. ती होत नाहीच. म्हणून सक्ती वेळ मोकळा ठेवण्याची असावी, हजेरीची नव्हे. कोणाशी जमवायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. मोबाइलवर गट आहेतच, असंही म्हटलं जाईल. झालेली ओळख टिकवायला मोबाइल उत्तम. पण न पटणाऱ्या माणसासमोर बसून शांतपणे वाद घालणं, दुखावलं तर बोलून मिटवणं आणि समोरच्याचा नकार कटुता न धरता स्वीकारणं हे समोरासमोरच शिकता येतं. मुलगा-मुलगी बोलताना दिसली की जिथे कुजबुज होते, तिथे शिक्षकांच्या देखत भरणारा मिश्र गट तर फारच मोलाचा : निरोगी नात्याची सुरुवात साध्या, उघड ओळखीपासून होते. राहिला स्पर्धा परीक्षांचा प्रश्न. अभ्यासिकेत दिवसभर वाचणाऱ्याचे दोन तास जातील, हे कबूल. पण वर्षानुवर्षं निकालाची वाट पाहणाऱ्या या मुलांना निकाल लागल्या दिवशी, तो कसाही लागो, फोन करायला माणूस असणं ही चैन नाही. आपल्या वेळापत्रकात प्रत्येक विषयाला तास आहे. माणसांनाही तो मिळायला हवा, आणि शेवटच्या गाडीच्या आधी मिळायला हवा.