दुकानातली खुर्ची

रविवारी संध्याकाळी लोअर परळ स्थानकातून बाहेर पडणाऱ्या गर्दीबरोबर सेनापती बापट मार्गाने चालत निघाले, की थोड्याच वेळात माणूस एका उंच धुराड्यापाशी येऊन पोचतो. त्या धुराड्यातून आता धूर निघत नाही. १९०५ साली स्थापन झालेल्या फिनिक्स मिलची ती उरलेली खूण आहे. तिच्या पायथ्याशी आज मुंबईतील एक मोठा मॉल उभा आहे. देशोदेशीच्या कपड्यांची, घड्याळांची, अत्तरांची दुकाने तेथे दाटीने वसली आहेत. लोक हिंडतात, काचेआडच्या पुतळ्यांवरील वस्त्रे न्याहाळतात, कापडाचा पोत बोटांनी चाचपून पाहतात, किमतीची चिठ्ठी हळूच उलटतात आणि बहुतेक वेळा काहीही न घेता पुढच्या दुकानाकडे वळतात. डोंबिवली-विरारहून आलेली कुटुंबे मुलांना आइस्क्रीम देतात, सरकत्या जिन्यावर फोटो काढतात आणि शेवटची गर्दी टाळण्यासाठी वेळेवर स्थानक गाठतात.

या जमिनीचा इतिहास आमच्या वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. पण तो विसरूनही चालणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप आजतागायत रीतसर मागे घेण्यात आलेला नाही; गिरण्या मात्र एकामागून एक थंडावल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सुचवले होते: एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि एक मालकासाठी. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीचीच करायची, जिच्यावर इमारती उभ्या होत्या त्या जमिनीची नाही, असे ठरले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. शहराचा आणि कामगाराचा वाटा आकसला, मालकाचा फुगला. पुढे गिरणी कामगारांच्या घरांसाठी लाखाहून अधिक अर्ज आले, आणि त्यांतील फार थोड्यांच्या हाती किल्ली पडली.

हे सर्व ठाऊक असल्यामुळेच आपल्या चळवळीतील माणसे अशा दुकानांकडे पाहून नाक मुरडतात. ‘चंगळवाद’ हा एक शब्द उच्चारला, की आपले विश्लेषण संपते. आम्हांस असे वाटते, की या एका शब्दाने आपले जितके भले केले त्याहून अधिक नुकसान केले आहे. चांगले कापड अंगावर असावे, ही इच्छा काही भांडवलदाराने कामगाराच्या मनात चोरून पेरलेली नाही. जन्मभर दुसऱ्यांसाठी कापड विणणाऱ्या माणसाला सणासुदीला स्वतःच्या घरात एक बऱ्यापैकी लुगडे यावे असे वाटले, तर त्यात अध:पात कोणता? समाजवादाने माणसाला गोणपाट नेसवण्याचे वचन कधीच दिलेले नव्हते. सुंदर वस्तू थोड्यांच्याच वाट्याला का, हा आपला प्रश्न होता. वस्तू सुंदर का, हा आपला प्रश्न कधीच नव्हता.

शिवाय नाक मुरडून दाराबाहेर थांबणाऱ्या माणसाला दुकानाच्या आत काय चालले आहे, हे कधीच दिसत नाही. आणि दिसावयास हवे ते नेमके आत आहे.

पुढच्या खेपेस कार्यकर्त्यांनी अशा दुकानात शिरावे, आणि कपड्यांकडे पाहून झाले, की ते दाखवणाऱ्यांकडे पाहावे. एकसारखा गणवेश, छातीवर नावाची पट्टी, ओठांवर शिकवलेले हसू. ग्राहकाने विसकटलेले सात सदरे पुन्हा घडी घालून ठेवणाऱ्या, गोदामातून दुसऱ्या मापाची पेटी आणणाऱ्या या मुली आणि ही मुले सकाळी दुकान उघडण्यापूर्वी येतात आणि रात्री हिशेब जुळल्यावर जातात. त्यानंतर अंबरनाथ-नालासोपाऱ्यापर्यंतचा लोकलचा प्रवास, तोही पुष्कळदा उभ्यानेच. अशाच एका दुकानात (कोणत्या, हे सांगण्याचे कारण नाही, ते कोणतेही असू शकते) आम्ही नजर फिरवून पाहिली. ग्राहकांसाठी मऊ गाद्यांची बैठक होती. सोबत आलेल्या, कंटाळलेल्या पतिराजांसाठी आरामखुर्ची होती. काम करणाऱ्यांसाठी एक साधे स्टूलही नव्हते. दुपारी ग्राहक नसताना काउंटरला किंचित टेकलेली एक मुलगी पर्यवेक्षकाची चाहूल लागताच ताठ झाली. छताला लावलेला कॅमेरा केवळ चोरासाठी नसतो, हे तिला ठाऊक होते.

आता कायद्याकडे वळू. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम ४४ नोव्हेंबर २०२५ पर्यंत असे सांगत असे, की ज्या कामगारांना उभे राहून काम करावे लागते, त्यांना विश्रांतीची संधी मिळेल तेव्हा बसता यावे यासाठी मालकाने योग्य सोय केली पाहिजे. म्हणजे ज्या जमिनीवर आज हे दुकान उभे आहे, तेथे साच्यासमोर उभ्या असलेल्या कामगाराला बसण्याचा हक्क निदान कागदावर तरी होता. त्याची नात त्याच जमिनीवर काउंटरमागे उभी राहिली, तर ती कारखान्यात नाही, दुकानात आहे, एवढ्याच कारणाने त्या कलमाच्या बाहेर पडत असे. धुराडे राहिले, कलम गेले!

ही मागणी परदेशी थेर आहे, असे कोणी म्हणू नये. ब्रिटनच्या संसदेने १८९९ सालीच दुकानातील दर तीन स्त्री-कर्मचाऱ्यांमागे किमान एक आसन ठेवण्याचा कायदा केला होता, हे खरे. पण त्याहून जवळचे आणि मोलाचे उदाहरण केरळचे आहे. कोझिकोडच्या बाजारपेठेतील दुकानांत काम करणाऱ्या बायकांना दिवसभर बसण्यास मनाई होती आणि स्वच्छतागृहाचीही सोय नव्हती. पाणी प्यायले तर जावे लागेल म्हणून त्या तहान मारीत. शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी या बायकांना एकत्र आणले आणि ‘पेनकूट’ ही संघटना उभी केली. आधी स्वच्छतागृहाची मागणी झाली, मग खुर्चीची. मोठ्या कामगार संघटनांनी प्रारंभी या बायकांकडे फारसे लक्ष दिले नाही, ही गोष्ट आपण लाजेने नोंदवली पाहिजे. वर्षानुवर्षांच्या धडपडीनंतर २०१८ साली केरळने दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याचा हक्क मान्य केला. २०२१ साली तामिळनाडूने तसाच कायदा केला. तेथील साड्यांची आणि सोन्याची दुकाने त्यामुळे ओस पडली नाहीत.

आणि महाराष्ट्र? २०१७ साली आपल्या विधिमंडळाने १९४८ चा जुना दुकाने कायदा बाजूला सारून नवा आणला. वर्षाचे ३६५ दिवस दुकाने उघडी ठेवण्याची मुभा व्यापाऱ्यांना मिळाली, आणि तिचा गाजावाजाही झाला. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांवरील कायद्याची पकड मात्र सैल झाली. दुकान वर्षभर उघडे राहू शकते; ते उघडे ठेवणारे पाय किती वेळ उभे राहू शकतात, याची चर्चा झाल्याचे स्मरत नाही. संसदेने २०२० साली संमत केलेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याच्या सोयीचा उल्लेख तीत आहे. त्या संहितांतील कामगारविरोधी तरतुदींना आपला विरोध कायम आहे. परंतु शत्रूच्या कागदातही आपल्या उपयोगाचे वाक्य सापडले, तर ते आपण वाचावयाचे नाही काय? संहितेत लिहिलेली खुर्ची दुकानात आपोआप चालत येत नाही. ती कोणीतरी मागावी लागते.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला मालकांचा: कर्मचारी बसलेला दिसला तर ग्राहकाला अनादर वाटतो. वस्तुत: बँकेत, टपाल कार्यालयात, तिकीट खिडकीत माणूस बसूनच काम करतो आणि कोणाचाही अनादर होत नाही. तासन्‌तास उभे राहण्याने पायांच्या शिरा फुगतात, घोटे सुजतात, कंबर धरते, हे कोणताही डॉक्टर सांगेल. ग्राहकाच्या मानाची ही कल्पना मुळात सरंजामी आहे. हुजऱ्याने धन्यासमोर बसू नये, हाच तिचा अर्थ.

दुसरा आक्षेप आपल्याच मित्रांचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. किमान वेतनाचा प्रश्न पडला आहे, कंत्राटी पद्धत बोकाळली आहे, आणि तुम्ही स्टुलाची गोष्ट काय करता? आमचे उत्तर असे, की या मुली नेमक्या कोणाच्या नोकर आहेत, हेच ठरवणे अवघड झाले आहे. एका छताखाली एका काउंटरवरची मुलगी दुकानाची, शेजारच्या काउंटरवरची प्रसाधने बनवणाऱ्या कंपनीची, तिसरी मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराची. तिघींचा पगार वेगळा, मालक वेगळा, सुटीचा दिवस वेगळा. वेतनाच्या मागणीवर त्यांना एकत्र आणणे म्हणूनच कठीण जाते. पण तिघींचे पाय सारखेच दुखतात. खुर्चीची मागणी त्या तिघींना प्रथमच एका रांगेत आणू शकते. मोठ्या संघटना नेहमी लहान मागणीतूनच उगवल्या आहेत. आणि ज्या मालकाला खुर्ची द्यावी लागते, त्याला पुढे पगारपत्रकही दाखवावे लागते.

या कामात ग्राहक आपला शत्रू नाही. १९७२ साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आणलेल्या बायका ग्राहकच होत्या. १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत रुजलेला ‘अपना बाजार’ हाही कामगार आणि ग्राहक हे एकच माणूस असते, या साध्या जाणिवेतून उभा राहिला. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राना प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली. तेव्हा पाश्चात्त्य देशांतील ग्राहकांनी आपल्या अंगावरील कपड्याच्या चिठ्ठीकडे प्रथमच निरखून पाहिले, आणि त्या दबावामुळे मोठमोठ्या कंपन्यांना कारखान्यांच्या सुरक्षिततेचा बंधनकारक करार करावा लागला. किमतीच्या चिठ्ठीवर सर्व काही लिहिलेले नसते. पण विचारले, तर बरेच कळते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक शहर शाखेने आपल्या भागातील कपड्यांच्या दहा दुकानांत जावे आणि तीन गोष्टींची नोंद करावी: काम करणाऱ्यांसाठी आसने किती, स्वच्छतागृह आहे काय, आठवड्याची सुटी प्रत्यक्षात मिळते काय. नोंद करताना कोणाही मुलीचे नाव लिहू नये. तिची नोकरी आपल्या अहवालाहून मोलाची आहे. ती यादी घेऊन कामगार आयुक्तांकडे शिष्टमंडळ न्यावे, आणि केरळ-तामिळनाडूच्या धर्तीवर स्पष्ट तरतूद राज्याच्या कायद्यात यावी यासाठी आमदारांना गाठावे. ज्यांना एवढे करणे शक्य नाही, त्यांनी निदान एक करावे. साडी पाहून झाली, घेतली किंवा न घेतली, तरी बाहेर पडताना व्यवस्थापकास नम्रपणे विचारावे: “या मुलींची बसायची जागा कुठे आहे?” हा प्रश्न एकाने विचारला तर तो हसेल. दिवसातून दहा जणांनी विचारला, तर महिन्याभरात कुठून तरी एक स्टूल येईल.

गिरणगावातल्या जमिनीची लढाई आपण बव्हंशी हरलो, हे मान्य करण्याचे धैर्य आपल्यात असले पाहिजे. पण त्या जमिनीवर आजही कामगार उभा आहे. आपण मान वर करून धुराड्याकडे पाहत राहिलो, म्हणून तो आपल्याला दिसला नाही. त्याला निदान बसता यावे, एवढ्यापासून सुरुवात करू या.