‘अहो, गंमत केली होती!’ : लिहिलेला विनोद समोरच्याला गंमत का वाटत नाही?

डिसेंबर २०२१. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठासमोर गुन्हा रद्द करावा, असा एक अर्ज आला होता. आरोप साधेसुधे नव्हते. देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या तयारीचं कलम लावलेलं होतं. आणि पुरावा काय, तर सहलीचे फोटो.

तमिळनाडूतले एका डाव्या पक्षाचे साठी ओलांडलेले पदाधिकारी मुलगी आणि जावयासोबत सिरुमलाई डोंगरावर फिरायला गेले होते. त्यांनी तिथले फोटो फेसबुकवर टाकले आणि वर गमतीत एक ओळ लिहिली. बंदूक चालवण्याच्या सरावासाठी सिरुमलाईची सहल, असा तिचा अर्थ. वाडीपट्टी पोलिसांनी ती ओळ अक्षरशः घेतली. गुन्हा दाखल झाला, कोठडीही मागितली गेली. ती द्यायला स्थानिक दंडाधिकाऱ्यांनी नकार दिला, म्हणून गृहस्थ तुरुंगात जायचे वाचले.

न्या. जी. आर. स्वामिनाथन यांनी गुन्हा रद्द केला. सहलीला गेलेल्यांकडे ना शस्त्र सापडलं होतं, ना दारूगोळा. हा निकाल एखाद्या व्यंगचित्रकाराने लिहिला असता, तर त्याने मूलभूत कर्तव्यांच्या यादीत ‘हसण्याचं कर्तव्य’ घालायला सांगितलं असतं, अशी टिप्पणी त्यांनी केली. ही टिप्पणी व्हायरल झाली. पण त्याच निकालातला दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा होता. गमतीशीर असणं वेगळं आणि कोणाची खिल्ली उडवणं वेगळं. शिवाय कशावर हसायचं याची रेघ प्रत्येक प्रांतात निराळ्या ठिकाणी ओढलेली असते, हेही त्यात नोंदवलं होतं आणि उदाहरणांत महाराष्ट्राचाही उल्लेख होता.

सगळ्यांच्या बाबतीत गोष्ट कोर्टापर्यंत जात नाही. सोसायटीच्या ग्रुपवर ‘उद्या पाणी येणार नाही’ अशी सूचना येते, खाली कोणी लिहितं, ‘वा! समितीचं अभिनंदन.’ लिहिणाऱ्याच्या मते ही चेष्टा. सेक्रेटरींच्या मते भर चौकात केलेला अपमान. मग दोन दिवस खुलासे, तिसऱ्या दिवशी कोणीतरी ग्रुप सोडतं, आणि जिन्यात भेटल्यावर बोलणं बंद होतं. भांडणाचं कारण विचारलं तर दोघंही तोच मेसेज दाखवतात.

लिफ्टमधला पारा

हा घोळ व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधीचा आहे. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणक विभागाचे लोक एका ऑनलाइन सूचनाफलकावर गप्पा मारत असत. सप्टेंबरमध्ये तिथे भौतिकशास्त्राचं एक कोडं रंगलं होतं. लिफ्ट तुटून खाली पडू लागली, तर आतल्या वस्तूंचं काय होईल? लिफ्टमधला पाऱ्याचा थेंब कसा वागेल? त्या ओघात एकाने धोक्याच्या सूचनेच्या थाटात लिहिलं की, प्रयोगामुळे डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडला आहे आणि थोडी आगही लागली होती.

आधीची चर्चा वाचणाऱ्यांना ही गंमत आहे हे कळत होतं. ज्यांनी तेवढाच मजकूर वाचला, त्यांना ती खरी सूचना वाटली. मग विनोदाला काही खूण असावी का, यावर चर्चा सुरू झाली. कोणी चांदणी सुचवली, कोणी टक्क्याचं चिन्ह. १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन यांनी कोलन, आडवी रेघ आणि कंस जोडून आडवा हसरा चेहरा सुचवला. तोच :-) हा स्मायली. आजच्या पिवळ्या इमोजींच्या या थोरल्या भावाचा जन्म सजावटीसाठी नाही, गैरसमज आवरण्यासाठी झाला.

या किश्शात लिहिणारा कमी पडला नव्हता आणि वाचणारे मठ्ठ नव्हते. मधला संदर्भ गळला होता, एवढंच. लिखित विनोद फसतो तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

स्वतःचा आवाज फक्त स्वतःलाच

स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९० मध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला. काही जणांनी प्रसिद्ध गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, समोरच्यांनी गाणं ओळखायचं. निम्म्या वेळा तरी ओळखतील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. १२० गाण्यांपैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात शब्द, चाल, वाद्यं असं सगळं सुरू असतं. ऐकणाऱ्याला ऐकू येते टकटक.

मेसेज म्हणजे अशीच टकटक. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हेच ईमेलबाबत तपासलं. लोकांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने पाठवायला सांगितली. आपला सूर सुमारे ७८ टक्के वेळा कळेल, असं पाठवणाऱ्यांना वाटत होतं. आवाजातून पाठवलेल्या वाक्यांबाबत अंदाज बराचसा खरा ठरला, ७३ टक्के. ईमेलमध्ये मात्र ५६ टक्के. म्हणजे नाणं उडवून ठरवल्यापेक्षा थोडं बरं. आणि गंमत म्हणजे वाचणाऱ्यांनाही आपण बरोबरच ओळखलं, अशी खात्री होती. दोन्ही बाजू ठाम आणि त्यातली एक चूक, ही भांडणाची अगदी तयार सामग्री.

मराठीत तर सूर हाच अर्थ असतो. ‘बरं’ या एका शब्दाचे संमती, कंटाळा, धमकी आणि ‘पुढे सांग’ असे किमान चार अर्थ होतात, आणि ते फक्त उच्चारातून कळतात. ‘हो का?’ म्हणजे खरंच आश्चर्य, की ‘शहाणपणा पुरे’? समोरासमोर भुवई बघून कळतं. स्क्रीनवर भुवई नाही. त्यात प्रांतांची भर. नागपूरच्या मित्रांमधलं ‘काय बे’ हे जिव्हाळ्याचं असतं, ते पुण्याच्या ऑफिस ग्रुपवर उद्धट वाटतं. कोल्हापुरात दोस्ताला घातलेली शिवी कधी कधी मिठीसारखी असते, पण ती लिहून पाठवली की शिवीच उरते. उलट पुणेरी ‘छान.’ हे बाहेरच्याला कौतुक वाटू शकतं. त्यातला पूर्णविराम ज्याला कळतो, त्यालाच खोच कळते.

तो पूर्णविरामही निरुपद्रवी राहिलेला नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना काही एकशब्दी उत्तरं दाखवली गेली. मोबाइल मेसेजमध्ये पूर्णविराम दिलेलं उत्तर त्यांना कमी मनापासूनचं वाटलं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तसा फरक दिसला नाही. शाळेत शुद्धलेखन शिकलेले काका ‘ठीक आहे.’ लिहितात आणि पुतणी विचार करत बसते, काका रागावले का?

ज्याच्यासाठी लिहिलंच नव्हतं, तो वाचतो

जानेवारी २०१०. इंग्लंडमधला पॉल चेंबर्स हा तरुण ट्विटरवर ओळख झालेल्या मैत्रिणीला भेटायला बेलफास्टला जाणार होता. बर्फामुळे रॉबिन हूड विमानतळ बंद पडला. त्याने वैतागून ट्विट केलं की, आठवडाभरात विमानतळ सुरळीत करा, नाहीतर उडवून देईन. ते वाचणारे त्याचे काहीशे फॉलोअर. कोणीही घाबरलं नाही.

काही दिवसांनी विमानतळाच्या एका व्यवस्थापकाच्या ते नजरेस पडलं. विमानतळाच्या सुरक्षा विभागालाही ही धमकी विश्वासार्ह वाटली नाही. पण नियम होता, म्हणून पोलिसांना कळवलं गेलं. पोलिसांनी अटक केली. खटला चालला, मे २०१० मध्ये दंड झाला, नोकरी गेली. पुढच्या अपिलातही हार झाली, तेव्हा हजारो लोकांनी निषेध म्हणून तेच ट्विट पुन्हा पुन्हा टाकलं. अखेर २७ जुलै २०१२ रोजी उच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. ज्या मजकुराने कोणाच्याही मनात भीती निर्माण होत नाही, तो धमकी ठरत नाही, असा निकालाचा आशय होता.

या प्रकरणात खरी अस्वस्थ करणारी बाब वेगळीच आहे. विनोद न कळल्यामुळे हे घडलं नाही. साखळीतल्या बहुतेकांना तो कळला होता. पण ‘हा विनोद आहे’ असं सही करून सांगण्याची जबाबदारी कोणालाच नको होती. म्हणून प्रत्येकाने तो पुढे ढकलला. त्या ढकलाढकलीची किंमत एका माणसाने अडीच वर्षं मोजली.

आपल्याकडे २००९ मध्ये शशी थरूर यांच्या बाबतीत अंतर भाषेचं होतं. सरकारची काटकसर मोहीम सुरू होती. तेव्हा परराष्ट्र राज्यमंत्री असलेल्या थरूर यांना एका पत्रकाराने ट्विटरवर विचारलं, आता ‘कॅटल क्लास’ने प्रवास करणार का? विमानाच्या इकॉनॉमी वर्गासाठी इंग्रजीत हा चेष्टेचा शब्द रुळलेला आहे. रोख विमान कंपन्यांवर, गुरांसारखं कोंबणाऱ्यांवर असतो. थरूर यांनी तोच शब्द उचलून, आपल्या पवित्र गायींच्या सोबतीने जाईन, असं मिश्कील उत्तर दिलं. भारतीय भाषांत ते पोहोचलं ते असं : मंत्री सामान्य प्रवाशांना गुरं म्हणाले. त्यांच्याच पक्षातून राजीनाम्याची मागणी झाली. पंतप्रधान मनमोहन सिंग यांना तो विनोद होता, असं सांगावं लागलं. थरूर यांनी माफी मागितली.

मग वाचणारा कोणता धरायचा?

इथे प्रश्न शिष्टाचारातून कायद्यात जातो. लिहिणारा डोळ्यांपुढे मित्र आणतो. तक्रारदार सर्वात हळवा माणूस आणतो. न्यायालयाने कोणाला आणायचं?

याचं भारतातलं सर्वात जास्त उद्धृत होणारं उत्तर नागपूरमधलं आहे. १९४६ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी म्हटलं की, शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या मापाने मोजायचा. डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापाने नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे माप मार्च २०२४ मध्ये पुन्हा वापरलं, तेही कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून दाखल झालेला गुन्हा रद्द करताना. तो मजकूर विनोदी नव्हता. पण ‘काही जणांच्या भावना दुखावतील’ एवढ्यावरून गुन्हा ठरत नाही, हे सूत्र विनोदालाही लागू पडतं. त्याआधी २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ रद्द झालं होतं. ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ अशा शब्दांवर तुरुंगवास बेतलेला असल्याने त्यात कोणाचंही काहीही बसू शकत होतं.

अर्थात निकाल शेवटी येतो. तोवर ठाण्याच्या फेऱ्या, वकिलाची फी आणि नातेवाइकांचे फोन झालेले असतात.

दुसरी बाजूही आहे. ‘गंमत केली’ ही ढालही असते. एखाद्याच्या जातीवर, अंगकाठीवर, इंग्रजीवर रोज टोमणे मारायचे आणि तो चिडला की ‘याला विनोदबुद्धीच नाही’ म्हणायचं, हा प्रकार कट्ट्यावरही होता. ग्रुपवर त्याला दोनशे प्रेक्षक मिळाले. इथे सूर चुकलेला नसतो. तो बरोबर लागलेला असतो आणि बरोबर कळलेलाही असतो. दोन्हींत फरक करायचा एक बऱ्यापैकी भरवशाचा मार्ग म्हणजे पुढचा मेसेज बघणं. गैरसमज झालेला माणूस अवघडतो, खुलासा करतो, नाहीतर मजकूर काढून टाकतो. डिवचणारा तेच पुन्हा लिहितो, या वेळी दोन हसऱ्या इमोजींसह.

इमोजींवर तरी किती विसंबायचं? अंगठ्याचंच बघा. २०२३ मध्ये कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात एका शेतकऱ्याने जवस खरेदीच्या कराराच्या फोटोला अंगठा दाखवला. ‘फोटो मिळाला, एवढंच म्हणायचं होतं,’ हा त्याचा बचाव टिकला नाही. न्यायालयाने अंगठा ही सही मानली आणि सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलरची भरपाई बसवली. २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाचं प्रकरण होतं. वरिष्ठाच्या हत्येच्या मेसेजवर अंगठा दिल्याने त्याची नोकरी गेली होती. तिथे मात्र अंगठ्याचा अर्थ ‘वाचलं’ असा धरला गेला आणि हत्येचा आनंद त्यातून निघत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. अंगठा तोच, अर्थ दोन.

फालमन यांच्या त्या मूळ संदेशातही असंच काहीसं झालं होतं. विनोदाला :-) लावा, असं सांगून झाल्यावर त्यांनी पुढे लिहिलं होतं की, इथे विनोदच इतके होतात, त्यापेक्षा जे विनोद नाहीत त्यांनाच खूण करणं स्वस्त पडेल. त्यासाठी त्यांनी :-( सुचवला. म्हणजे ‘हे गंभीरपणे घ्या’. लोकांनी तो वाचला ‘मी दुःखी आहे’ असा, आणि तोच अर्थ आजवर चालू आहे.