हवाई सुंदरीला युनियन कशाला हवी?

"मॅडम, हवाई सुंदरीला कशाला हवी युनियन? फुकटात जग बघायचं, वर पगार!" वर्गात कामगार चळवळीचा पाठ चालू असताना एका मुलीने हे विचारलं आणि सगळा वर्ग हसला. प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. म्हणून हा लेख.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्याला दिसतो तो इस्त्रीचा गणवेश आणि हसरा चेहरा. पण आग लागली तर ती विझवणं, कुणी बेशुद्ध पडलं तर प्रथमोपचार करणं, अपघातात विमान झटपट रिकामं करणं, हे त्यांचं खरं काम. वेळी-अवेळी ड्यूटी, अपुरी झोप हे वेगळंच.

आपल्याकडची गोष्ट सांगते. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पहिल्या गरोदरपणातच नोकरी सोडावी लागे. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तरीही तेच. नर्गिस मिर्झा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये गरोदरपणाची अट रद्द केली. लग्नाची अट मात्र कायम ठेवली. म्हणजे बघा, कायद्यात न बसणारं तेवढंच कोर्ट काढून टाकतं. कायद्यात बसणारं पण अन्यायाचं जे उरतं, त्याचं काय? तिथे संघटनाच लागते.

ताजं उदाहरण कॅनडाचं. तिथल्या विमानसेवेत पगार मुख्यतः विमान चालू लागल्यापासूनच्या वेळेचा मोजला जायचा. प्रवासी चढत असताना, सामान लावताना केलेल्या कामाचे वेगळे पैसे नाहीत! ऑगस्ट 2025 मध्ये एअर कॅनडाच्या सुमारे 10,000 कर्मचाऱ्यांनी संप केला. सरकारने काही तासांतच कामावर परतण्याचा आदेश आणला, तरी ते हटले नाहीत. चौथ्या दिवशी समझोता झाला आणि जमिनीवरच्या कामाचाही मोबदला मान्य झाला. पूर्ण दराने नाही, पण सुरुवात तर झाली. एकट्या कर्मचाऱ्याने हेच मागितलं असतं तर? "जमत नसेल तर सोडा," एवढंच उत्तर मिळालं असतं.

कुणी म्हणेल, संपात प्रवाशांचे हाल होतात. खरं आहे, झालेच. म्हणून संप हे शेवटचंच हत्यार असावं. पण दमलेला, झोप न झालेला कर्मचारी संकटात आपल्याला कसा वाचवणार? त्यांची विश्रांती ही आपलीही सुरक्षितता आहे. युनियनचे पुढारीही चुकतात. त्यांना जाब विचारणं हे सभासदांचं काम. घरात ढेकूण झाले म्हणून कुणी घर जाळत नाही.

आपल्याला रविवारची सुट्टी कशी मिळाली, आठवतं ना? नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं, तेव्हा 1890 मध्ये ती मिळाली. गिरणीतला कामगार असो की विमानातला, एका काडीला कुणीही मोडतं, मोळीला नाही.

त्या मुलीला मी एवढंच म्हटलं, "बाळा, उद्या तू हवाई सुंदरी झालीस तर नेमणुकीचं पत्र नीट वाच. आणि युनियनचा फॉर्मही भर."