दोन्ही हातांचा हट्ट

नाण्यांची जादू शिकायला बसलेल्या प्रत्येकाला एक उपदेश फुकटात मिळतो. "जे काही शिकशील ते दोन्ही हातांनी शिक." सांगणारा हे अशा थाटात सांगतो, की जणू कानात मंत्रच देतोय. ऐकणारा मान डोलावतो आणि घरी जातो. उजव्या हाताला आठ दिवसांत जे थोडंफार जमलेलं असतं, ते आता डाव्याने करायला लागतो. नाणं दर मिनिटाला फरशीवर पडतं, खालच्या मजल्यावरून तक्रार येते, आणि महिन्याभरात ते नाणं मुकाट्याने भाजीवाल्याकडे जातं. जादू तिथेच संपते.

हा उपदेश मला मान्य नाही. का नाही ते जरा सविस्तर लिहितो. घरच्या मंडळींनी "याचं पुन्हा नाण्यांचं सुरू झालं" म्हणून पान बंद करू नये. यात आपल्या घरातलंही एक प्रकरण आहे.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. नाण्याच्या हातचलाखीचा गाभा अगदी साधा आहे. नाणं एका हातातून दुसऱ्या हातात दिल्यासारखं करायचं आणि द्यायचं नाही. अक्षरशः हातावर तुरी! न दिलेलं नाणं लपवून धरायचे ठरलेले प्रकार आहेत. क्लासिक पाम म्हणजे तळव्याच्या मधोमध, अंगठ्याखालचा मांसल भाग आणि समोरची कड यांच्या चिमटीत नाणं धरायचं. फिंगर पाम म्हणजे ते मधलं बोट आणि अनामिका यांच्या मुळाशी, किंचित वाकवलेल्या बोटांत ठेवायचं. धरून ठेवणं एकवेळ सोपं. धरलेलं असताना हात मोकळा दिसला पाहिजे, ही खरी मेख आहे. बोटं ताठ झाली की संपलं, हात दाखवून अवलक्षण!

आता मुद्द्यावर येतो. "दोन्ही हातांनी शिक" या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी की हातचलाखी एका हाताची असते आणि दुसरा हात नुसता बसून असतो. पण असं कुठे आहे?

फ्रेंच ड्रॉप घ्या. बहुतेकांची पहिली युक्ती हीच असते. नाणं डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर धरायचं, उजव्याने ते घेतल्यासारखं करायचं, आणि त्याच क्षणी ते हळूच डाव्याच्याच बोटांत पडू द्यायचं. म्हणजे उजव्या माणसाच्या पहिल्याच युक्तीत चोरी करतो डावा हात! उजवा फक्त रिकामी मूठ मिरवत जातो. त्यानंतर बहुतेक जण रिटेन्शन पास शिकतात. तिथे नाणं उजव्यात असतं, ते डाव्या तळव्यावर टेकवून दाखवायचं, डावी मूठ मिटता मिटता उजव्याने काढून घ्यायचं. इथे चोर उजवा आणि नट डावा. दोनच युक्त्यांत दोन्ही हातांनी दोन्ही कामं केली. आणखी कोणती समानता हवी आहे?

शटल पास तर एका हाताने करताच येत नाही. एका हातातलं नाणं दुसऱ्यात टाकल्यासारखं करायचं, ते तिथेच ठेवायचं आणि दुसऱ्या हातात आधीच दडलेलं नाणं पुढे आणून दाखवायचं. बघणाऱ्याला वाटतं की एकच नाणं इकडून तिकडे गेलं.

मोठं उदाहरण हवं असेल तर टी. नेल्सन डाउन्सचं घ्या. हा अमेरिकन माणूस १८९९ साली लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये नाण्यांचा खेळ करत होता. त्याचा गाजलेला प्रयोग म्हणजे कंजूषाचं स्वप्न, हवेतून एकामागून एक नाणी काढून हॅटमध्ये टाकायची. जुन्या पुस्तकांत या खेळाची जी पद्धत छापलेली आहे, ती वाचून बघा. उजवा हात एकच नाणं पुन्हा पुन्हा हवेतून काढतो, हॅटमध्ये टाकल्यासारखं करतो आणि परत तळव्यात दडवतो. हॅट धरलेल्या डाव्या हाताच्या बोटांखाली नाण्यांची चळत लपलेली असते, आणि तो बरोबर वेळेला त्यातलं एक सोडतो. खण्ण! लोक उजव्याकडे बघतात आणि आवाज डाव्याचा असतो. यात डावा हात उजव्याची नक्कल करत नाही. तो स्वतःचं वेगळं काम करतो आणि ते तितकंच अवघड आहे. संसारात दोघांनी भांडी घासली आणि दोघांनी भाजी चिरली म्हणजेच समानता झाली का? :-)

दुसरा आक्षेप यापेक्षा गंभीर आहे. डाय व्हर्नन (१८९४-१९९२) नावाचा कॅनडात जन्मलेला जादूगार होता. हातचलाखीच्या दुनियेतले लोक त्याला 'प्रोफेसर' म्हणत. त्याची मुख्य शिकवण एवढीच, की तुम्ही एरवी जसे वागता तसेच जादू करतानाही दिसा. आता बघा. उजवा माणूस टेबलावरचं नाणं उजव्याने उचलतो, डाव्यात ठेवतो, आणि मोकळ्या झालेल्या उजव्याने पेन उचलतो. कुणालाही खटकत नाही, कारण पेन तो रोज त्याच हाताने उचलतो. नाणं उजव्यातच राहिलंय आणि पेन धरल्यामुळे वळलेली बोटं ते झाकतायत, हे कुणाच्या मनातही येत नाही. हाच माणूस दोन्ही हातांच्या नादी लागून सगळं उलट करायला लागला, तर पेन डाव्या हातात जाणार. ज्याला डाव्याने सही करता येत नाही तो डाव्याने पेन का उचलतोय? बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी वेगळं घडलं हे त्याला कळेल. मेहनत घेऊन कमावलेली ही समानता नेमकी अशी घात करते.

समोरच्या पक्षाचं खरं तेवढं मान्य करतो. नाणं धरून ठेवणं, म्हणजे क्लासिक पाम आणि फिंगर पाम, दोन्ही हातांना आलंच पाहिजे. प्रेक्षक कधी डावीकडे बसतात, कधी उजवीकडे, आणि दडवलेलं नाणं ऐनवेळी कोणत्या हातात असेल ते आपल्या हातात नसतं. यासाठी वेगळा क्लासही लागत नाही. नाणं डाव्या हातात दडवा आणि त्याच हाताने दार उघडा, पेपर चाळा, चहाचा कप उचला. (आपलं दहाचं नाणं २७ मिमी आहे, सुरुवातीला ते चांगलं. रुपया २२ मिमीसुद्धा भरत नाही, मोठ्या माणसाच्या तळव्यात तो टिकणं कठीण. आणि अमेरिकन पुस्तकांतला हाफ डॉलर साडेतीस मिमीच्या आसपासचा, म्हणजे जवळजवळ आजोबांच्या पेटीतल्या राणीछाप रुपयाएवढा. पण तो पेटीतच राहू द्या!)

या पक्षाकडून रेने लावांदचं नावही हमखास पुढे येतं. अर्जेंटिनाचा हा पत्त्यांचा जादूगार (१९२८-२०१५) उजव्या हाताचा होता. नऊ वर्षांचा असताना अपघातात त्याने तोच हात गमावला आणि पुढे एकट्या डाव्या हाताने जगभर नाव कमावलं. "बघा, डावा हातही तयार होतो!" होतो ना. पण लावांदने दोन हात सारखे केले नव्हते. त्याच्याकडे एकच हात होता आणि पुस्तकं दोन हातांची होती, म्हणून त्याने त्या एका हाताला शोभेल असं तंत्र स्वतः घडवलं. हात जसा आहे तशी कला बेतायची, हा त्याचा धडा. आपण त्यातून नेमका उलटा अर्थ काढतो.

आता घरातलं प्रकरण. माझी भाची डावखुरी आहे. सुट्टीतल्या एका शिबिरात तिला नाण्याची जादू शिकवत होते. तिने सहजपणे नाणं डाव्या हातात घेतलं. शिकवणाऱ्यांनी तिला थांबवलं. "दोन्ही हातांनी यायला हवं, आधी उजव्याने कर." वर्गातल्या बाकीच्या मुलांना मात्र "आता डाव्याने करा" असं पूर्ण आठवड्यात कुणी म्हटलं नाही. घरी येऊन तिने विचारलं, "मामा, दोन्ही हातांनी फक्त मलाच का यायला हवं?"

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, कारण त्याला प्रामाणिक उत्तरच नाही. ज्या उपदेशाचा बोजा फक्त डावखुऱ्यांवर पडतो, तो समानतेचा उपदेश कसा? 'उजव्याने कर' हीच ती जुनी आज्ञा, फक्त कपडे बदलून आलेली. आमच्या आत्याच्या हातातली पाटीवरची पेन्सिल अशीच डावीकडून उजवीकडे गेली होती. तेव्हा निदान कारण तरी सरळ सांगत, की डाव्या हाताने चांगली कामं करत नाहीत. आता म्हणे तुझ्याच भल्यासाठी!

आणि गंमत बघा, डावखुऱ्या मुलीला शिकवायला उजव्या गुरुजींना काहीही जादा करावं लागत नाही. तिला फक्त समोर बसवायचं. समोर बसलेला उजवा माणूस हा डावखुऱ्याचा आयता आरसा असतो. त्याचा उजवा हात जिकडून हलतो, तिकडूनच तिने डावा हलवायचा. उलट विचार तर उजव्या मुलांना करावा लागतो. एवढी साधी गोष्ट करण्याऐवजी आपण एका दहा वर्षांच्या मुलीचा हात बदलायला निघतो.

तेव्हा मुलांना शिकवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. नाणं टेबलावर ठेवा आणि मूल ते कोणत्या हाताने उचलतं ते बघा. तो हात त्याचा. युक्त्या त्या हाताच्या सोयीने शिकवा. दुसऱ्या हाताला नाणं धरायला शिकवा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नाणं नसताना ते असल्यासारखी मूठ मिटायला शिकवा, कारण निम्मी जादू त्या रिकाम्या मुठीत असते. एवढं झाल्यावर हौस म्हणून कुणी सगळं उलट्या हातांनी करून दाखवलं तर मी टाळ्या वाजवीन. हौसेला मोल नाही. पण हौसेचा नियम करून तो पोरांवर लादू नका.

आणि तरीही "दोन्ही हातांनीच" असा आग्रह असेल, तर सुरुवात वर्गातल्या उजव्या मुलांपासून करा. गुरुजींनी आधी स्वतः डाव्याने करून दाखवलं तर आणखी उत्तम. आम्ही समोर बसून बघतो.